मांद्र्याच्या कॅफेतली फिनिश पेज: गुलाबी अप्रतिम, पांढरी खिरीच्या वाटेला

मेनूकार्डावर 'फिनिश राइस पुडिंग' असं छापलंय, आणि गडबड तिथूनच सुरू होते. फिनलंडमध्ये या पदार्थाला रीसिपूरो म्हणतात. रीसि म्हणजे तांदूळ आणि पूरो म्हणजे घट्ट पेज. पुडिंग जेवणानंतर येतं, पूरो हेच जेवण असतं. उत्तर गोव्यातल्या मांद्रे-आश्वें पट्ट्यातल्या, ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम चालणाऱ्या या कॅफेने नाश्त्याच्या पानावर तीन पूरो ठेवल्या आहेत: तांदळाची, रव्याची गुलाबी आणि राय नावाच्या धान्याची. (राय म्हणजे मोहरी नव्हे. एका टेबलावर हा प्रश्न विचारला गेला होता आणि वेटरला उत्तर देता आलं नाही.) कॅफेचं नाव इथे मुद्दाम देत नाही. स्वयंपाकघर मन लावून काम करतंय आणि चुका सगळ्या सुधारता येण्यासारख्या आहेत.

तांदळाच्या पूरोचं वाडगं समोर येतं तेव्हा आधी वेलदोड्याचा वास येतो. वर केशराच्या चार काड्या, बदामाचे काप. साखर आतच शिजवलेली. चमचा घातला की लांब लांब शितं दुधात सुटी पोहताना दिसतात. चवीला वाईट अजिबात नाही. गणपतीत कोणाच्याही घरी वाढली तर लोक दुसऱ्यांदा मागतील. पण मग ती खीरच झाली, आणि खीर खायला कोणी फिनलंडचं नाव काढत नाही.

फरक नेमका कुठे आहे, हे गोव्यातल्या माणसाला पटकन कळायला हवं. सकाळी दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड किंवा सुकं. इथे पेज स्वतः जवळजवळ बेचव असते आणि चव बाजूने येते. रीसिपूरोचं तसंच आहे. भांड्यात फक्त तांदूळ, पाणी, दूध आणि मीठ. वेलदोडा नाही, केशर नाही, साखरही नाही. गोडवा वाडग्यात वरून येतो: चमचाभर साखर, दालचिनीची पूड आणि मधोमध लोण्याचा गोळा. खाणारा आपापल्या घासापुरतं गोड करून घेतो. मधला भाग गोड आणि कडेला येईपर्यंत नुसतं खारट-दुधाळ, ही चवीची चढउतार म्हणजेच तो पदार्थ. सगळं आधीच ढवळून एकजीव केलं की उरते ती एकसुरी गोडी.

लोण्याच्या त्या गोळ्याला फिनिशमध्ये वोइसिल्मॅ म्हणतात, म्हणजे लोण्याचा डोळा. गरम पूरोत चमच्याच्या पाठीने खळगा करायचा, त्यात लोणी ठेवायचं. ते वितळून पिवळं तळं होतं. कॅफेत हा डोळा नाहीच. मागितल्यावर बशीत फ्रीजमधली घट्ट वडी आली, आणि पूरो तोवर कोमट झालेली. लोणी वितळायला वाडगं वाफाळतं लागतं, एवढं गणित तरी जमवायला हवं. आपल्याकडचं पाकिटातलं पिवळं लोणी बऱ्यापैकी खारट असतं, म्हणून ते वापरायचं तर भांड्यातलं मीठ निम्मं करावं. घरचं ताज्या सायीचं पांढरं लोणी मिळालं तर मिठाला हात लावायची गरज नाही.

आता तांदूळ. चुकांचं मूळ इथे आहे. कॅफे लांब दाण्याचा बासमतीसारखा तांदूळ वापरतो. हा तांदूळ शिजून सुटा राहण्यासाठीच पिकवतात, दूध घट्ट करणं त्याचं काम नव्हे. फिनलंडच्या दुकानात पूरोरीसि नावाने वेगळा तांदूळ मिळतो, बुटक्या गोल दाण्याचा. त्याचा स्टार्च शिजताना बाहेर येतो आणि दुधाला धरून ठेवतो. घट्टपणा त्यातून येतो, दूध आटवून नव्हे. लांब तांदूळ घेतल्यावर घट्टपणा येत नाही, म्हणून मग दूध आटवलं जातं, आणि दूध आटलं की बासुंदीचा वास आलाच. एक चूक दुसरीला ओढून आणते ती अशी.

मग गोव्यात काय वापरायचं? पहिला मोह उकड्याचा होईल, तो आवरावा. उकडा तांदूळ टरफलासकट वाफवून वाळवलेला असतो; त्याचा स्टार्च एकदा शिजून पुन्हा बसलेला असतो. म्हणून तर उकड्याच्या पेजेत शितं टपोरी आणि वरचं पाणी निवळ राहतं. पेजेला तेच हवं, पूरोला नेमकं तेच नको. सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ चालतो, पण उत्तम लागतो तो आंबेमोहर किंवा इंद्रायणी. आंबेमोहराचा दाणा आखूड आणि चिकट असतो. त्याला स्वतःचा वास आहे, जो फिनिश माणसाला अनोळखी वाटेल, आपल्याला नाही. इंद्रायणीला वास सौम्य, चिकटपणा भरपूर. इंद्रायणीचा नवा तांदूळ असेल तर पाणी थोडं कमी घ्यावं.

चार जणांसाठी मापं अशी: तांदूळ 170 ग्रॅम, पाणी 400 मिली, दूध 1 लिटर, मीठ सपाट 1 चमचा. तांदूळ एकदाच, हलक्या हाताने धुवावा. चार पाणी काढायची सवय इथे नुकसान करते. जाड बुडाच्या पातेल्यात आधी लोण्याचा छोटा तुकडा वितळवून तळाला फिरवायचा. पाणी उकळलं की तांदूळ घालून मध्यम आचेवर पाणी जवळपास संपेपर्यंत शिजवायचा, साधारण 10 मिनिटं. मग दूध. दूध उकळेपर्यंत हात थांबवायचा नाही, कारण करपण्याची वेळ हीच असते. उकळी आली की आच अगदी बारीक, झाकण तिरपं, 40 ते 45 मिनिटं. अधूनमधून तळापासून एकदा फिरवायचं. मीठ शेवटी.

तांदूळ थेट दुधात का नाही टाकायचा? दुधात दाणा सावकाश फुगतो, आणि तेवढा जास्त वेळ दूध आचेवर राहिलं की तळाला लागतं. साखर आत घातली तर दुहेरी अडचण: ती पाणी स्वतःकडे ओढते म्हणून स्टार्च फुगायला वेळ लागतो, आणि तळाशी तीच आधी तांबूस होते. कुकरचा शॉर्टकट कोणी सुचवेल. पाण्यातला टप्पा कुकरात चालेल, दुधाचा नाही. दूध फेसाळून शिटीत चढतं. दूध कुठलं घ्यायचं हाही प्रश्न आहेच. पिशवीतल्या फुल क्रीम दुधात 6 टक्के स्निग्धांश असतो. कॅफे तेच वापरतो, आणि मग वर रबडीसारखा थर येतो. टोन्ड दूध 3 टक्क्यांचं असतं, फिनलंडच्या साध्या दुधाच्या ते जास्त जवळ. इथे स्वस्त तेच बरोबर.

तळ लागलाच तर खरवडायचं नाही. वरचं दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं आणि खालचं विसरायचं. एकदा ढवळलं की जळका वास सगळ्यात उतरतो. ओव्हन असेल तर ही कटकटच नाही: तांदूळ, दूध, मीठ एकत्र करून 150 अंशांवर दोन तास. वर तपकिरी साय धरते, तिच्यासाठी पोरं भांडतात.

झाली की नाही हे ओळखायची खूण: चमच्याने मधोमध रेघ ओढावी. रेघ सावकाश, दोन-तीन सेकंदांत मिटली की पूरो झाली. लगेच मिटली तर ती पातळ, तिला फिनिशमध्ये वेल्ली म्हणतात. पूरो आणि वेल्ली हा भेद आपल्या गुरगुट्या भात आणि पेज यांच्यासारखा. 'पूरो आणि वेल्ली एकत्र झाली' असा फिनिश वाक्प्रचारच आहे, सगळा सावळा गोंधळ झाला या अर्थाचा. कॅफेतल्या वाडग्यात रेघ ओढताच येत नव्हती.

डिसेंबरात कॅफेत याच पदार्थाला 'ख्रिसमस स्पेशल' म्हणून पाटी लागते. ते बरोबरच आहे. फिनलंडमध्ये 24 डिसेंबरच्या सकाळी किंवा दुपारी रीसिपूरो खातात. त्याच दुपारी बारा वाजता तुर्कू शहरात नाताळच्या शांततेची घोषणा वाचली जाते, आणि कित्येक घरांत ती ऐकता ऐकताच वाडगी भरतात. सोबत बऱ्याचदा सुकामेव्याचं दाटसर सार, मनुका आणि जर्दाळूंचं. भांड्यात एक, फक्त एक, सोललेला अख्खा बदाम दडवतात. ज्याच्या वाट्याला तो येईल त्याचं पुढचं वर्ष नशिबाचं, किंवा लग्नाचं. कॅफेने काय केलं? प्रत्येक वाडग्यात एकेक बदाम टाकला. शिवाय वर काप. लॉटरीत सगळ्यांनाच पहिलं बक्षीस! सहा जणांच्या टेबलावर भांडं मधे ठेवून वाढलं आणि त्यात एकच बदाम टाकला, तर खर्चही वाचेल आणि गंमतही राहील.

गंमत अशी की फिनलंडमध्ये तांदूळ पिकतच नाही. तिथली धान्यं म्हणजे जव, राय, ओट आणि गहू. नाताळची जुनी पूरो जवाची, तीही रात्रभर भिजवून भाकरी भाजून झालेल्या भट्टीच्या उतरत्या उष्णतेत तासन् तास ठेवलेली. तांदूळ बोटीने बाहेरून यायचा, म्हणून आधी तो सधन घरांत आणि सणालाच दिसायचा. सगळ्यांच्या घरात तो विसाव्या शतकात पोचला. आपल्याकडे भात रोजचा आणि पोळी पाहुण्यांची असण्याचे दिवस होते, त्याचं हे उलटं चित्र. घरच्या राखणदाराला, ज्याला तिथे तोंत्तू म्हणतात, नाताळच्या रात्री गोठ्यात किंवा साउनात (वाफेच्या न्हाणीघरात) वाडगंभर पूरो ठेवायची रीत होती. गोव्यात गावच्या देवचाराला रोट ठेवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि पूरो फक्त सणाची नव्हे. फिनलंडमध्ये शाळेत सगळ्या मुलांना फुकट जेवण देण्याचा कायदा 1943 साली झाला आणि 1948 पासून तो पुरता लागू झाला. सुरुवातीच्या त्या जेवणात पूरो आणि वेल्लीच मुख्य असायची. रोजच्या न्याहारीला आज ओटची असते. तयार रीसिपूरो तिथल्या सुपरमार्केटात जाड सॉसेजसारख्या प्लास्टिकच्या नळीत मिळते. घरी नेऊन कापायची, दुधात गरम करायची. यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

उरलेल्या पूरोचं काय करायचं, हे कॅफेला अजून सुचलेलं दिसत नाही. संध्याकाळी ती फेकली जाते असं काउंटरवर कळलं. फिनलंडमध्ये थंड, घट्ट झालेली पूरो रायच्या पिठाच्या पापडासारख्या पातळ पारीत भरतात, कडा चिमटीने मुरडून मधला भाग उघडा ठेवतात आणि 250 अंशांच्या वर कडक ओव्हनमध्ये भाजतात. ही कार्यालानपीराक्का. बाहेर काढल्याबरोबर लोणी आणि गरम दुधाने भिजवून मऊ करतात, वर उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून लावतात. पूर्वेकडच्या करेलिया प्रांताचा बराच भाग दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाकडे गेला, चार लाखांहून अधिक माणसं तिथून देशात इतरत्र वसवली गेली आणि त्यांच्याबरोबर ही पीराक्का देशभर पोचली. युरोपीय संघाने 2003 मध्ये तिच्या नावाला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं. करंजीची मुरड घालता येणाऱ्या कोणत्याही हाताला तिच्या चुण्या दहा मिनिटांत जमतील. या कॅफेकडे ओव्हन आहे, रायचं पीठ आहे, उरलेली पूरो आहे. फक्त पूरो रात्रभर बाहेर ठेवू नये. इथल्या उकाड्यात शिजलेला भात आणि दूध एकत्र म्हणजे पोट बिघडायला आमंत्रण. पसरट भांड्यात ओतून, लवकर थंड करून फ्रीजमध्येच.

आता गुलाबी पूरोकडे. या एका वाडग्यासाठी पेडण्यापर्यंत गाडी काढावी. विस्पिपूरो म्हणजे घुसळलेली पूरो. मूळ कृतीत पुओलुक्का नावाची लाल, आंबट-कडसर रानबेरी (लिंगनबेरी) पाण्यात उकळून त्या पाण्यात रवा शिजवतात, गार करतात आणि फेटतात. ही फळं तिथे सप्टेंबरात जंगलं भरून येतात, आणि कोणाच्याही मालकीच्या रानात जाऊन ती वेचायचा हक्क तिथे प्रत्येकाला आहे. गोव्यात ती कुठून आणणार? कॅफेने भिरंडांची, म्हणजे कोकमाची, सोलं घेतली. ही अक्कल ज्याची असेल त्याला दाद. आंबटपणा, रंग आणि शेवटी जिभेवर राहणारा किंचित तुरटपणा, तिन्ही गोष्टी जुळतात.

मापं: 1 लिटर पाणी, 40 ग्रॅम सोलं, साखर 120 ग्रॅम, बारीक रवा 100 ग्रॅम, चिमूट मीठ. सोलं बहुतेक ठिकाणी मीठ लावूनच वाळवतात, म्हणून दोनदा धुऊन, मग अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून उकळायची. बाटलीतलं आगळ (कोकमाचा तयार रस) इथे चालत नाही, त्यात मीठ फार. गाळलेल्या उकळत्या पाण्यात साखर, मग रवा एका हाताने पावसासारखा भुरभुरायचा आणि दुसऱ्या हाताने सतत हलवायचं. 8 ते 10 मिनिटं शिजवून उतरवायची. रवा भाजायचा नाही, तूप तर नाहीच. आपला हात शिऱ्याच्या सवयीने आधी तुपाकडे जातो, आणि तुपाचा अंश राहिला की फेस धरत नाही.

खरं काम त्यानंतर. गरम असताना फेटून उपयोग नाही. रवा अजून बसलेला नसतो, हवा शिरते तशी निघून जाते. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, आणि मगच बीटर. पाच मिनिटांत गडद डाळिंबी रंग उतरायला लागतो, आठ-दहा मिनिटांत फिकट गुलाबी होतो आणि आकार दीडपट वाढतो. चमचा उचलला की टोक उभं राहतं. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून मग फेटायला गेलं तर गुठळ्या होतात, त्या काही केल्या फुटत नाहीत. कॅफेतल्या वाडग्यात एकही गुठळी नव्हती.

फिनिश पद्धतीत वर गार दूध ओततात. भिरंडाचा आंबटपणा तीव्र, त्यामुळे गायीचं दूध वाडग्यात थोडं फाटतं. चवीला फरक नाही, पण दिसायला बरं नाही. दूध अगदी गार असावं आणि टेबलावरच ओतावं. कॅफे विचारल्यावर नारळाचं दूधही देतो. तेच मागावं. सोलकढी पिऊन वाढलेल्या जिभेला काय होतंय ते दुसऱ्या चमच्याला कळतं.

रायच्या पूरोबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रायचं पीठ उकळत्या मिठाच्या पाण्यात घालून तासभर रटरटवलेली, करडी, किंचित आंबूस. नाचणीच्या तिझणाची (गोव्यातल्या गोड पेजेची) दूरची मावसबहीण. कॅफेची पीठ कच्चं असतानाच उतरवलेली होती, टाळूला चिकटत होती. आयात केलेल्या पिठामुळे ती तिघींत सर्वांत महाग आहे. त्या पैशात दोन गुलाबी येतात.

सेवा विनम्र, पण घाईची. तांदळाची पूरो ऑर्डर दिल्यावर पाच-सहा मिनिटांत आली, म्हणजे सकाळी केलेलीच पुन्हा तापवलेली. त्यात गैर काही नाही. पूरो मोठ्या भांड्यातच करायची असते. तापवताना थोडं दूध घालून सैल करायला हवी, मायक्रोवेव्हमध्ये नुसती फिरवून नव्हे. त्याने कडा उकळतात आणि मधोमध थंड राहतं. 'गरम पूरोभोवती मांजर' असं फिनिश लोक मुद्द्याला हात न घालणाऱ्या माणसाला म्हणतात. या वाडग्याभोवती मांजराला बिचकायचं कारण नव्हतं.

तांदळाचीच हवी असेल तर ऑर्डर देताना तीन गोष्टी सांगाव्यात: साखर आणि दालचिनी वेगळ्या वाटीत, केशर-वेलदोडा नको, लोणी आधीच बाहेर काढून ठेवा. दुसऱ्या खेपेला एवढं सांगितल्यावर पदार्थ निम्मा तरी सुधारला. तांदूळ मात्र तोच होता. आणि पार्सल घेऊ नये. म्हापशाला पोचेपर्यंत पांढरीची वडी पडते, गुलाबीतली हवा बसते आणि डब्याच्या तळाशी आंबट पाणी सुटतं.